उतार आणि नदीकाठ कसा वाचावा : विदारण, दरड आणि पूर यांची प्राथमिक ओळख

डोंगर स्थिर आणि नदी वाहती, ही आपली समजूत भूविज्ञानाच्या पहिल्याच पाठात बाजूला ठेवावी लागते. डोंगरही खाली येतच असतो. त्याची चाल इतकी सावकाश असते की एका माणसाच्या आयुष्यात ती सहसा जाणवत नाही, आणि जाणवते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. खडक भुसभुशीत होतो, भुसभुशीत झालेला भाग उतारावरून घसरतो आणि पायथ्याशी साचलेला राडारोडा नदी उचलून नेते. पाठ्यपुस्तकांत या गोष्टी विदारण, भूस्खलन आणि पूर अशा तीन स्वतंत्र प्रकरणांत येतात, त्यामुळे शिकणाऱ्याला त्या एकमेकींपासून वेगळ्या वाटतात. प्रत्यक्षात तो एकाच मालाचा प्रवास आहे आणि तिन्ही टप्प्यांवर मुख्य काम पाणीच करते. उताराने आणि नदीने पूर्वी काय केले आहे, याच्या खुणा जमिनीवर राहिलेल्या असतात. त्या कुठे शोधाव्यात, कशा मोजाव्यात आणि त्यांवरून किती निष्कर्ष काढावा, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

साहित्य अगदी साधे लागते : वही, पेन्सिल, मोजपट्टी, लोखंडी खिळा, छोटा हातोडा, भिंग, पाण्याची बाटली आणि मोबाइलमधले उताराचा कोन दाखवणारे साधन. एक नियम मात्र कटाक्षाने पाळावा. पाऊस चालू असताना किंवा नुकताच थांबलेला असताना कापलेल्या कड्याखाली उभे राहून निरीक्षण करू नये, आणि कोरड्या दिवसातही वरून लोंबणारे दगड नाहीत ना, हे पाहिल्याशिवाय कड्याजवळ जाऊ नये.

कापलेल्या कड्यापासून सुरुवात

विदारण समजून घेण्यासाठी डोंगरमाथ्यावर जाण्याची गरज नाही. रस्त्यासाठी कापलेली बाजू, जुनी खाण किंवा नदीने कोरलेला उंच काठ यांपैकी काहीही पुरते. कड्यापासून थोडे लांब उभे राहावे आणि तो खालून वर वाचत जावा. तळाशी अखंड कातळ असतो. त्यावर हातोडा मारला तर खणखणीत आवाज येतो आणि खिळ्याने सहसा ओरखडाही उठत नाही. त्याच्या वरच्या भागात तडे दिसू लागतात आणि तड्यांच्या कडांचा रंग तपकिरी किंवा पिवळसर झालेला असतो. आणखी वर मऊ, भुसभुशीत मुरुमात गोल गोल धोंडे रुतलेले दिसतात, त्यावर नुसता मुरूम आणि सर्वांत वर मुळांनी भरलेली माती असते. हातोड्याचा आवाज खणखणीत न राहता बोदा कुठे होतो आणि खिळा सहज कुठे रुततो, त्या दोन उंची वहीत नोंदवाव्यात. मुरूम आणि मातीच्या या थराची जाडी म्हणजे त्या उतारावरून सुटून खाली येऊ शकणाऱ्या मालाचा पहिला अंदाज होय.

मुरुमातला एखादा गोल धोंडा थोडा वेळ देऊन पाहण्यासारखा असतो. त्याच्या पृष्ठभागावरून कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटत असतात. सुटलेला तुकडा फोडला की बाहेर तांबूस-तपकिरी साल आणि आत मूळ रंगाचा ताजा खडक दिसतो. भिंगातून पाहिले तर आतले चमकदार खनिजकण सालीत येईपर्यंत निस्तेज आणि मातकट झालेले आढळतात. हा धोंडा नदीने घासून गोल केलेला नाही, तो जागच्या जागी गोल झाला आहे. तड्यांमुळे खडकाचे चौकोनी ठोकळे झालेले असतात आणि तड्यांतून झिरपणारे पाणी ठोकळ्याच्या सपाट पृष्ठावर एका बाजूने, कडेवर दोन बाजूंनी आणि कोपऱ्यावर तीन बाजूंनी काम करते. म्हणून आधी कोपरे जातात, मग कडा जातात, आणि उरतो तो गोल गाभा. विदारणाची सगळी रीत या एका धोंड्यात वाचता येते.

तड्यांना एवढे महत्त्व का आहे, हे साध्या हिशेबावरून कळते. एक मीटर बाजू असलेल्या खडकाच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस मीटर असते. त्याच घनाचे दहा-दहा सेंटिमीटरचे तुकडे केले, तर एक हजार तुकडे होतात आणि एकूण पृष्ठफळ ६० चौरस मीटर होते. खडक तेवढाच राहतो, पण पाण्याला काम करायला दसपट जागा मिळते. कायिक विदारण हे तुकडे पाडण्याचे काम करते : तड्यातले पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि तडा रुंदावतो, मिठाचे स्फटिक वाढताना कण सुटे होतात, आणि वरचे ओझे झिजून गेले की दाबाखालचा खडक प्रसरण पावून पृष्ठभागाला समांतर फुटतो. झाडांची मुळेही तड्यात शिरून पाचरीसारखी काम करतात. रासायनिक विदारणात मात्र खडकाचा पदार्थच बदलतो. पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल तयार होते. ते चुनखडक विरघळवते, फेल्डस्पार या खडकातल्या खनिजाचे रूपांतर चिकणमातीच्या खनिजांत करते, आणि खडकातले लोह ऑक्सिजनशी संयोग पावून गंजाचा तांबडा रंग देते. क्वार्ट्झ हे कठीण खनिज जवळजवळ तसेच राहते, आणि त्याचीच वाळू होते. ऑलिव्हिनसारखी खनिजे लवकर बदलतात आणि क्वार्ट्झ सर्वांत शेवटी, हा क्रम भूवैज्ञानिक सॅम्युएल गोल्डिच यांनी १९३८ मध्ये मांडला.

या सगळ्यात उताराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे चिकणमाती. ती आहे की नाही हे हातानेच तपासता येते. मूठभर माती ओली करून तळव्यावर वळावी. सुमारे तीन मिलिमीटर जाडीची वळी न तुटता होत असेल, तर त्या मातीत चिकणमाती पुरेशी आहे असे समजावे; वळी होण्याआधीच माती मोडत असेल, तर ती वाळूची किंवा पोयट्याची आहे. कड्यात एखादा ओलसर, गुळगुळीत, चिकण थर इतर थरांच्या मधोमध सापडला, तर त्याची जागा वहीत ठळकपणे नोंदवावी. पुढे कधी घसरण झालीच, तर ती अशाच थरावरून होण्याचा संभव अधिक असतो.

उतार कशाने धरून ठेवला आहे?

परातीत कोरडी वाळू हळूहळू ओतावी. ढिगाच्या बाजूचा कोन साधारण ३० ते ३५ अंशांवर थांबतो. आणखी वाळू ओतली की ती घरंगळते, पण कोन वाढत नाही. आता वाळू किंचित ओली करून तोच ढीग करावा. या वेळी जवळजवळ उभी भिंतही टिकते, कारण कणांमधले पाण्याचे पातळ पापुद्रे कणांना एकमेकांकडे ओढून धरतात. शेवटी ढिगाच्या तळाशी सावकाश पाणी सोडत राहावे. पाणी सगळ्या पोकळ्या भरते त्या क्षणी भिंत बसते आणि वाळू पातळ होऊन पसरते. वाळू तीच, परात तीच. फक्त पाण्याचे प्रमाण बदलले. दरडीविषयी ज्याला एकच प्रयोग करायला वेळ असेल, त्याने हाच करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

तिसऱ्या टप्प्यात जे घडते, त्याचा खुलासा मातीच्या बळाचा अभ्यास करणारे अभियंते कार्ल टर्झाघी यांनी १९२० च्या दशकात केला. मातीची पकड तिचे कण एकमेकांवर किती जोराने दाबले जातात यावर अवलंबून असते. पोकळ्यांतले पाणी दाबाखाली आले की ते वरच्या वजनाचा काही भाग स्वतः पेलते, कणांमधला दाब तेवढा कमी होतो आणि घर्षण घटते. ‘पाण्याने माती बुळबुळीत होते, म्हणून दरड येते’ हे स्पष्टीकरण नेहमी ऐकू येते, पण ते अपुरे आहे. मुख्य कारण पोकळ्यांतल्या पाण्याचा दाब हे आहे. शिवाय भिजलेली माती जडही होते, म्हणजे खाली ओढणारे बल वाढते आणि धरून ठेवणारे बल कमी होते. एका दिवसाच्या मुसळधार पावसापेक्षा आठवडाभराच्या संततधारेनंतरचा मुसळधार पाऊस अधिक धोक्याचा असतो तो यामुळेच.

खडकाळ उतारावर मातीऐवजी थरांचा आणि सांध्यांचा, म्हणजे खडकातल्या तड्यांचा, कल पाहावा लागतो. थर डोंगराच्या आत कललेले असतील, तर ते एकमेकांना अडवून धरतात. ते दरीकडे कललेले असतील आणि उताराने किंवा माणसाने त्यांचा खालचा शेवट कापला असेल, तर वरचा थर तिरप्या फळीवर ठेवलेल्या पुस्तकासारखा असतो. त्यात मध्ये चिकणमातीचा थर आणि पाण्याचा दाब यांची भर पडली की काय होते, याचे सर्वांत दुःखद उदाहरण इटलीतल्या वायोंत धरणाचे आहे. तेथे जलाशयाच्या कडेचा मोंते तोक हा डोंगर चुनखडकाचा असून त्या थरांत चिकणमातीचे पातळ पदर होते. जलाशयाची पातळी वर-खाली होत गेली तसा उतार सरकू लागला. ती सरक मोजली जात होती, आणि शेवटच्या दिवसांत ती दिवसाला सुमारे २० सेंटिमीटरपर्यंत पोचली होती. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री २५ कोटी घनमीटरांहून अधिक खडक एकदम जलाशयात उतरला. त्याने उसळलेली लाट धरणावरून पलीकडे गेली आणि खालच्या दरीतले लोंगारोने गाव व आसपासची वस्ती धुवून निघाली. सुमारे दोन हजार माणसे मेली. धरणाची भिंत मात्र जवळजवळ जशीच्या तशी उभी राहिली. बांधकाम भक्कम असणे आणि त्याच्या शेजारचा उतार भक्कम असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे त्या भिंतीकडे पाहून कळते.

भूस्खलनाचे प्रकार पाठ करण्यात नवशिक्याने फार वेळ घालवू नये. दगड सुटून पडणे, एखाद्या पृष्ठावरून अखंड भाग घसरणे आणि चिखल व दगड यांचा ओघ वाहणे, एवढा फरक लक्षात ठेवला तरी काम भागते. त्यापेक्षा उताराच्या तीन जागा ओळखायला शिकावे : माथा, जिथे ओझे चढते, पायथा, जो टेकू देतो, आणि मधला भाग, जिथे पाणी मुरते. माथ्यावर भराव टाकणे, पायथा कापणे आणि पाणी उतारात सोडणे, या माणसाच्या तीन नेहमीच्या चुका आहेत. एकाच उतारावर या तिन्ही झालेल्या दिसल्या, तर तज्ज्ञाला बोलावण्यास उशीर करू नये.

उतारावरची फेरी

पाहणी माथ्यापासून करावी. सर्वांत बोलकी खूण म्हणजे माथ्याजवळची चंद्रकोरीच्या आकाराची भेग, जिची दोन्ही टोके उताराच्या दिशेने वळलेली असतात. उन्हाळ्यात वाळलेल्या चिकणमातीला पडणाऱ्या भेगा सगळीकडे जाळ्यासारख्या पसरतात. घसरणीची भेग मात्र एक सलग रेघ असते आणि तिची खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा खचलेली असते. पुढे मधल्या भागात कललेले खांब, ताणलेल्या तारा आणि एकमेकांपासून सुटलेल्या भिंती पाहाव्यात. पायथ्याशी जमीन फुगून वर आली आहे का, जुना झरा आटून नव्या जागी पाणी फुटले आहे का, आणि ते पाणी गढूळ आहे का, हे पाहावे. बुंध्याशी वाकून वर सरळ झालेली झाडे उताराच्या संथ सरकण्याची खूण मानली जातात, पण प्रकाशाच्या ओढीने आणि बर्फाच्या भारानेही झाडे वाकतात. म्हणून एकट्या झाडाच्या साक्षीवर विसंबू नये. निदान तीन वेगवेगळ्या खुणा एकाच गोष्टीकडे बोट दाखवत असतील, तेव्हाच निष्कर्ष लिहावा.

भेग सापडली तर ती मोजावी. भेगेच्या दोन्ही बाजूंना, काठापासून हातभर अंतर सोडून, एकेक खुंटी पक्की ठोकावी आणि प्रत्येक खुंटीच्या डोक्यावर खिळा मारावा. दोन खिळ्यांमधले अंतर आणि त्यांच्या उंचीतला फरक रोज ठरलेल्या वेळी मिलिमीटरपर्यंत मोजून तारखेसह लिहावा. त्याच ओळीत त्या दिवशीचा पाऊसही नोंदवावा. या नोंदीत एकूण सरकीपेक्षा सरकण्याचा वेग अधिक सांगून जातो. रोज दोन-दोन मिलिमीटर सरकणारा उतार चिंतेचा असतो. पण दोन, चार, नऊ, वीस अशी वाढ दिसू लागली, तर मोजणी थांबवून तेथून निघावे आणि खालच्या लोकांना कळवावे. खुंट्यांपर्यंत चालत जाण्यातच धोका आहे असे वाटले, तर तो दिवस मोजण्याचा नव्हे.

अचानक येणाऱ्या ओघाची पूर्वसूचना बहुधा आवाजाने मिळते : दगडांवर दगड आदळल्याचा घुमणारा आवाज, झाडे मोडण्याचा कडकडाट. अशा वेळी ओघाच्या पुढे दरीतून खाली पळू नये. त्याची वाट सोडून आडव्या दिशेने, उंच जागेकडे जावे.

दरडीतून नदीकडे

पाऊस जोरात चालू असताना ओढ्याचे पाणी अचानक ओसरले, तर सुटकेचा श्वास सोडू नये. वरच्या बाजूला दरडीने प्रवाह अडवला असण्याची शक्यता असते, आणि मातीचा तो बांध टिकेलच याची खात्री नसते. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात ग्रो व्हाँट नदी २३ जून १९२५ रोजी अशाच एका प्रचंड दरडीने अडली आणि तिच्या मागे तलाव तयार झाला. जवळजवळ दोन वर्षे तो बांध टिकला. १८ मे १९२७ रोजी त्याचा काही भाग फुटला आणि खालच्या केली गावावर पूर येऊन सहा माणसे दगावली. तेथेही पाण्याने भिजलेला वाळूच्या खडकाचा थर दरीकडे कललेला होता. उतार वाचण्याच्या ज्या खुणा वर सांगितल्या, त्यांतली एक तेथे पहिल्यापासून होती.

नदीकाठ वाचताना पहिला प्रश्न असा विचारावा : ही सपाट जमीन कोणी केली? नदीच्या दोन्ही बाजूंची सपाट, गाळाची पट्टी म्हणजे पूरमैदान, आणि ते नदीनेच आपल्या पुरांनी घडवलेले असते. तेथे पाणी येणे हा अपघात नाही, तो त्या जमिनीच्या घडणीचाच भाग आहे. वळणावर उभे राहून दोन्ही काठांची तुलना करावी. बाहेरच्या बाजूला प्रवाह जोराचा असल्यामुळे काठ उभा आणि ताजा कापलेला दिसतो, आतल्या बाजूला वाळू-गोट्यांचा उतरता पट्टा साठलेला असतो. बाहेरच्या काठावरच्या झाडांची मुळे उघडी पडली असतील किंवा कुंपण अर्धे हवेत लोंबत असेल, तर नदी त्या दिशेने सरकते आहे.

मग जुन्या पुराची उंची शोधावी. झाडांच्या फांद्यांत अडकलेला पालापाचोळा, सालीवर दगड आदळल्याचे घाव, भिंतीवर उरलेली गाळाची रेघ, पुलाच्या खांबाला गुंडाळलेल्या वेली, या सगळ्यांची सध्याच्या पाणीपातळीपासूनची उंची मोजावी. कापलेल्या काठात वाळूचा थर, त्यावर बारीक गाळ, पुन्हा वाळू, पुन्हा गाळ अशी जोडी दिसली, तर साधारणपणे प्रत्येक जोडी एका पुराची असते : चढत्या वेगवान पाण्याने वाळू आणली आणि ओसरत्या संथ पाण्याने गाळ टाकला. पात्रातले चपटे गोटे बहुधा प्रवाहाच्या वरच्या दिशेकडे कललेले, एकमेकांवर रेललेले असतात. कोरड्या पात्रातही त्यांवरून मोठ्या पाण्याची दिशा ओळखता येते.

प्रवाह किती आहे, हे तरंगणाऱ्या काडीनेही मोजता येते. सरळ आणि उथळ भाग निवडून काठावर १० मीटर अंतराच्या दोन खुणा कराव्यात, वरच्या खुणेपाशी कोरडी काडी सोडावी आणि तिला खालच्या खुणेपर्यंत लागलेला वेळ पाच-सहा वेळा मोजून सरासरी काढावी. समजा ८ सेकंद लागले, तर पृष्ठभागावरचा वेग सेकंदाला १.२५ मीटर झाला. तळाशी घर्षणामुळे वेग कमी असतो, म्हणून या आकड्याला ०.८५ ने गुणावे. सरासरी वेग १.०६ येतो. पात्राची रुंदी १२ मीटर आणि सरासरी खोली ०.८ मीटर असेल, तर छेद ९.६ चौरस मीटर आणि प्रवाह सेकंदाला सुमारे १० घनमीटर, म्हणजे दर सेकंदाला दहा टन पाणी. ही मोजणी शांत पाण्यातच करावी. पुराच्या वेळी फक्त उंची नोंदवावी आणि तीही दुरून, कारण वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. सुमारे १५ सेंटिमीटर खोलीचे जोरदार पाणी प्रौढ माणसाचा तोल घालवते आणि ३० सेंटिमीटर पाणी लहान मोटार वाहून नेऊ शकते.

पावसाचा हिशेबही करून ठेवावा. दहा चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर दहा लाख घनमीटर पाणी पडते. त्यातले किती मुरते आणि किती धावत नदीला मिळते, हे जमीन आधी किती भिजली आहे, तिच्यावर झाडोरा आहे की काँक्रीट, आणि पाणलोटाचा आकार पंख्यासारखा आहे की लांबट, यांवर ठरते. पंख्यासारख्या पाणलोटात सगळ्या ओढ्यांचे पाणी जवळजवळ एकाच वेळी मुख्य प्रवाहात पोचते आणि पूर एकदम चढतो.

‘शंभर वर्षांचा पूर’ या शब्दप्रयोगाने फार गैरसमज झाले आहेत. तो शंभर वर्षांतून एकदाच येतो, असा त्याचा अर्थ नाही. कोणत्याही एका वर्षी तेवढा किंवा त्याहून मोठा पूर येण्याची शक्यता १ टक्का, एवढाच त्याचा अर्थ आहे. त्या हिशेबाने ३० वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. गेल्या वर्षी तो येऊन गेला असेल, तरी यंदाची शक्यता १ टक्काच राहते.

तटबंधांवरचा विश्वासही तपासून घ्यावा. तटबंध पाणी अडवतो तसाच गाळही आत कोंडतो, त्यामुळे गाळाने भरलेल्या नदीचे पात्र दोन तटबंधांच्या मध्ये वर चढत जाते. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधल्या कुसहा येथे कोसी नदीचा तटबंध फुटला, तेव्हा प्रवाह त्या रचनेच्या क्षमतेपेक्षा खूप कमी होता. तरीही नदीने आपली वाट बदलली आणि बिहारमधल्या लाखो लोकांच्या घरांत पाणी शिरले. तटबंधाजवळ राहणाऱ्याने म्हणूनच पात्राचा तळ आणि बाहेरची जमीन यांची उंची ताडून पाहावी. पाणी ओसरल्यावर तटबंधाच्या बाहेरच्या पायथ्याशी झिरप आहे का आणि त्या पाण्याबरोबर माती येते आहे का, हेही पाहावे. झिरप स्वच्छ असेल तर नोंद पुरते, गढूळ असेल तर त्याच दिवशी कळवावे.

पूर येऊन गेल्यावर गाळाची रेघ पावसाने धुऊन जाण्याआधी, शक्यतो पहिल्या दोन दिवसांतच, ती पक्क्या भिंतीवर किंवा खडकावर रंगाने उमटवावी आणि शेजारी तारीख लिहावी. माथ्यावरच्या खुंट्या पुन्हा मोजाव्यात, कापलेल्या कड्यावर आवाज कुठे बोदा होतो ते पुन्हा पाहावे, आणि नवे आकडे वहीत जुन्या आकड्यांच्या शेजारच्या रकान्यात लिहावेत.